भाव करणे, भाव ठेवणे

गेल्या पावसाळ्यात आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागाचं दार ढकलून डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वाचले." आई होती तिथंच बाकावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून प्रभूचे आभार मानू लागली. मग डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. "जीव वाचलाय, पण मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसलाय. वाचा गेलीय. लिहिणं-वाचणंही अवघड होईल. त्यातलं किती परत येईल, निश्चित काही सांगता येत नाही."

वाचले, वाचा, वाचणं. आप्पांनी चौतीस वर्षं नगरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि तो छंद त्यांनी मला लहानपणीच लावला. त्यांना बोलता आलं असतं तर त्यांनी मला तिथंच सांगितलं असतं, की हे दोन 'वाचणे' एक नव्हेत. पुस्तक वाचतो त्यातला 'वाचणे' हा 'वच्' म्हणजे बोलणे या धातूचा वंशज; 'वाचा' त्याचीच बहीण. लिहिलेल्याला बोलतं करणं म्हणजे वाचणं. जीव वाचतो तो 'वाचणे' मात्र 'वञ्च्' या धातूकडून आला. निसटून जाणे, चुकवून जाणे हा त्याचा मूळ अर्थ. म्हणून जुन्या लेखनात तो 'वांचणे' असा अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसायला सारखे झाले. आप्पा जुने अनुस्वार गिरवत शिकलेले. आता ते वांचले होते, पण वाचू शकत नव्हते.

संध्याकाळी आत्या आली. ब्याऐंशी वर्षांची. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "निश्चिंत राहा, बाई. देवावर भाव ठेव."

डॉक्टर म्हणाले, निश्चित काही नाही. आत्या म्हणाली, निश्चिंत राहा. इथंही मध्ये अनुस्वारच. 'निश्चित' म्हणजे ज्याचा निश्चय झाला, जे ठरलं, ज्यात शंका उरली नाही. 'निश्चिंत' म्हणजे ज्याची चिंता गेली. एक शब्द गोष्टीबद्दल बोलतो, दुसरा माणसाबद्दल. आपण धरून चालतो की आधी गोष्ट निश्चित व्हावी, मग माणूस निश्चिंत होईल. निकाल लागावा, रिपोर्ट यावा, नोकरी पक्की व्हावी, मग झोप लागेल. आत्या तो क्रमच उलटा लावत होती. काहीही निश्चित नसताना ती मला निश्चिंत राहायला सांगत होती. त्या रात्री मला ते जमलं नाही. पण पुढच्या एकोणीस रात्री त्या बाकावर बसून मी एकेक शब्द उलटसुलट करून पाहिला, जसा आप्पांनी पाहिला असता.

पहिलं लक्षात आलं ते क्रियापद. मराठीत राग येतो, भीती वाटते, दया येते, आनंद होतो. या भावना आपल्याकडे चालत येतात, आपण त्यांना बोलावत नाही. विश्वासाचं जरा वेगळं आहे. तो 'बसतो' आणि 'उडतो'. जणू फांदीवरचा पक्षी. कुणी दगड भिरकावला की उडाला. बसणं-उडणं त्याच्या मनावर, आपल्या हातात काही नाही. पण याच विश्वासाला आणखी एक क्रियापद आहे आणि ते पूर्णपणे आपल्या हातातलं आहे: 'ठेवणे'. विश्वास ठेवावा, भरवसा ठेवावा, भाव ठेवावा. राग 'ठेव' असं कुणी कुणाला सांगत नाही, आनंद 'ठेव' असंही नाही. विश्वास मात्र ठेवता येतो, कारण ठेवणं ही कृती आहे. 'ठेवणे' आलं 'स्थापयति'पासून. उभं करणं, एका जागी स्थिर करणं. 'स्था' या धातूच्याच घरात ठाव, ठाम, स्थिर हे शब्द नांदतात. आणि 'ठेव'ही. बँकेतली ठेव, आजीनं डब्यात जपलेली ठेव. विश्वास ठेवायचा म्हणजे आपली मोलाची वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन रिकाम्या हातानं परत फिरायचं. हात रिकामे झाल्यावर आतून कसं वाटेल, हा पुढचा प्रश्न. आत्यानं मला काही वाटून घ्यायला सांगितलं नव्हतं. काही तरी ठेवायला सांगितलं होतं.

तिनं 'विश्वास' न म्हणता 'भाव' म्हटलं, तेही उगाच नाही. ती ज्या पवित्र शास्त्रावर वाढली, त्याच्या नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वराच्या बाबतीत 'भाव' हाच शब्द आहे आणि त्याच्या जोडीला 'जिवेभावे' आहे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानावर तो लहानपणापासून पडतो. पण हा शब्द भाषांतरकारांनी घडवलेला नाही. 'भाव तेथे देव' ही म्हण घराघरात होतीच. वारकऱ्यांच्या कीर्तनात जो भाव शतकानुशतकं मुरला होता, तोच त्यांनी उचलला आणि त्यामुळे मराठी शास्त्र परक्या गावचं वाटलं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, की आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो. त्या पुलाचा एखादा दगड शोधायचा झाला तर मी 'भाव' या शब्दावर बोट ठेवीन. आणि 'ठेवणे' या क्रियापदावर दुसरं, कारण तुकोबांनी ते देवाकडे सोपवलं आहे: ठेवणारा तो, राहणारे आपण.

'भाव' निघाला 'भू' म्हणजे असणे या धातूतून. असण्याची स्थिती, मग मनाची स्थिती, मग भक्ती. आणि त्याच शब्दानं बाजारात जाऊन दुसरा अर्थ कमावला: कांद्याचा भाव, सोन्याचा भाव. देव्हाऱ्यातला भाव आणि मंडईतला भाव मराठीत एकच शब्द आहे. फरक पडतो तो क्रियापदानं. भाव ठेवतात, आणि भाव करतात.

त्या पहिल्या रात्री मी भाव करत होते. प्रार्थनेत डोळे मिटून मी अक्षरशः घासाघीस करत होते. प्रभू, उजवा हात गेला तर जाऊ दे, पण वाचा परत दे. वाचा परत दिलीस तर रविवारची एकही उपासना चुकवणार नाही. सगळी वाचा नको, निदान आम्हाला नावानं हाक मारण्याइतकी. मी किंमत वाढवत होते, मागणी कमी करत होते, आणि समोरून काही उत्तर नव्हतं. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब बेथेलला हेच करतो. भावाशी वैर करून घर सोडून पळालेला तो तरुण, उशाला धोंडा, आणि देवापुढे त्याच्या अटी: सोबत राहिलास, अन्नवस्त्र दिलंस, सुखरूप घरी नेलंस, तर तू माझा देव, आणि दशमांश तुझा. देवानं त्याबद्दल त्याला झिडकारलं नाही. संकटात सापडलेलं लेकरू भाव करणारच, हे तो जाणतो. पण याकोबाला पुढं वीस वर्षं लागली भाव करण्याकडून भाव ठेवण्याकडे यायला. मधल्या काळात त्याला मजुरीत फसवलं गेलं, तो घाबरला, त्यानं पळ काढला. माझ्या एका रात्रीत ते घडलं नाही, याचं आता मला दुःख वाटत नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी आणखी एक गोष्ट उघडी झाली. धाकट्या भावाची पुण्यातली नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता. खिडकीतून पावती पुढं आली आणि त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं. आम्ही दोघं जिन्यात बसलो. तो म्हणाला, "ताई, श्वास घ्यायला जागाच नाही गं उरली."

त्याच्या बोलण्यात दोन शब्दांची व्युत्पत्ती होती. 'संकट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळं, जिथून अंग चोरून जावं लागतं असं. आपत्ती हा अर्थ नंतरचा. हिब्रूतही तसंच: 'सार' म्हणजे अरुंद आणि 'सारा' म्हणजे संकट. इतक्या दूरच्या दोन भाषांनी दुःखाला एकाच अनुभवावरून नाव दिलं, भिंती जवळ येण्याच्या. आणि 'विश्वास'? त्याच्या पोटात तर श्वासच आहे. 'वि' आणि 'श्वस्'. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. ज्याच्याजवळ बसल्यावर माणूस कोंडलेला श्वास सोडतो, तो त्याच्या विश्वासातला. 'आश्वासन' या शब्दाला निवडणुकीच्या भाषणांनी आज फार स्वस्त केलं आहे, पण मुळात दम लागलेल्याला श्वास परत मिळणं, त्याच्या जिवात जीव येणं, हा त्याचा अर्थ आहे. एकशे अठराव्या स्तोत्रातला भक्त सांगतो ते हेच: अडचणीच्या जागेतून हाक मारली आणि उत्तर मिळालं ते ऐसपैस जागेत. संकटाचा विरुद्धार्थी शब्द आपण 'सुख' समजतो. शब्दांचा इतिहास म्हणतो, की तो 'विश्वास' आहे. भिंती तिथंच असतात, पण श्वास मोकळा होतो. त्या जिन्यात आमचं बिल कमी झालं नाही. पण भावानं दोन महिने एकट्यानं कोंडून धरलेली गोष्ट बोलून टाकली, आणि त्याचे खांदे खाली आले ते मी पाहिलं.

'श्रद्धा' हा शब्द आपण नेहमी विश्वासाच्या शेजारी वापरतो; त्याचं नातं थेट रोमपर्यंत पोचतं. संस्कृतातलं 'श्रद्धा' आणि लॅटिनमधलं 'क्रेदो' ही एकाच आदिभाषेतली भावंडं, आणि दोघांच्या अर्थात हृदय आणि ठेवणं आहे: ज्यावर हृदय ठेवलं ते. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये विश्वासाचा अंगीकार ज्या 'क्रेदो'नं सुरू होतो, तो आपल्या 'श्रद्धे'चा सख्खा नातलग निघावा, याचं आप्पांना फार अप्रूप होतं. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती लोकांनी त्यासाठी स्वतःचा शब्द केला: 'सत्मानणें'. सत्य म्हणून मानणे. तिथं हृदयाबरोबर डोकंही आलं.

पण मला त्या रात्रींमध्ये सगळ्यात जवळचा वाटला तो शब्द मराठीत भाषांतरच न झालेला: 'आमेन'. हिब्रूतून तो ग्रीकमध्ये गेला, लॅटिनमध्ये गेला, मराठीत आला, आणि सगळीकडे जसाच्या तसा राहिला. तो या मातीला काही मिशनऱ्यांबरोबर पहिल्यांदा कळलेला नाही. कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांमध्ये मराठी बोलणारी माणसं पिढ्यानपिढ्या प्रार्थनेअंती तो म्हणत आली आहेत, आणि आपल्या गावोगावच्या मशिदींतून तोच 'आमीन' म्हणून ऐकू येतो.

त्याचा धातू तीन व्यंजनांचा: अ-म-न. अर्थ, घट्ट असणे, पक्कं असणे, पेलणे. शास्त्रात 'विश्वास ठेवला' असं क्रियापद पहिल्यांदा येतं ते अब्रामाच्या बाबतीत, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात, आणि ते याच धातूचं आहे. मूलबाळ नसलेला म्हातारा, रात्रीची वेळ, डोक्यावर मोजता न येणारे तारे. त्या रात्री त्याच्या हाती निश्चित असं काहीही नव्हतं. पण याच धातूचा एक शब्द मला त्याहूनही बोलका वाटतो: 'ओमेनेत', लेकरू सांभाळणारी दाई, मूल उराशी धरणारी बाई. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी ही ओमेनेत होते. हीच नामी मवाबात नवरा आणि दोन्ही मुलगे पुरून रिकाम्या हातानं गावी परतली होती. मला आता 'मारा' म्हणजे कडू म्हणा, असं बायकांना सांगत होती. तिच्या उराशी शेवटी नातू येतो आणि तिच्यासाठी शास्त्र वापरतं तो शब्द 'आमेन'च्या मुळातला. म्हणजे या धातूच्या घरात दोन माणसं राहतात: उचलून धरणारा, आणि धरल्या गेल्यामुळे निर्धास्त झालेला. आईच्या कडेवरचं मूल काही विचार करून विश्वास ठेवत नाही. त्याला धरलेलं असतं, म्हणून ते झोपतं. 'आमेन' म्हणताना आपण आपल्या पकडीबद्दल बोलत नाही. ज्यानं धरलंय त्याच्या हाताबद्दल बोलतो.

हाताचा उल्लेख मी उगाच केला नाही. याच धातूचं नाम 'एमुना', म्हणजे निष्ठा, विश्वास. ते शास्त्रात पहिल्यांदा येतं निर्गमाच्या सतराव्या अध्यायात आणि तिथं त्याचा अर्थ शारीरिक आहे. अमालेकांशी लढाई चाललेली असते, टेकडीवर मोशे हात उंच करून उभा असतो. हात खाली आले की खाली लढणारे मागे हटतात. मोशे म्हातारा, हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याला बसायला दगड देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात पेलून धरतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहतात, म्हणजे स्थिर राहतात. 'विश्वास' या नामाचा शास्त्रातला पहिला प्रवेश असा आहे: थकलेला म्हातारा, आणि त्याचे हात धरणारे दोघं. एकट्याच्या बळावर उभा राहणारा विश्वास त्या शब्दाला सुरुवातीपासूनच ठाऊक नाही.

आमच्या मंडळीतल्या बायकांनी ही व्युत्पत्ती कधी ऐकली नसेल, पण त्यांना ती अवगत होती. रोज संध्याकाळी कुणीतरी भाकरी आणि पिठलं घेऊन येई. तरुण संघातल्या पोरांनी रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या. पाळकसाहेब येत, आणि जेव्हा मला प्रार्थना करवत नसे तेव्हा ते करत. माझ्या वाट्याला शेवटी एवढा एकच शब्द येई, आमेन. माझ्याच्यानं तेवढंच पेलत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

अ-म-न हा धातू अरबीतही आहे, आणि तिथून फारसीच्या वाटेनं तो मराठीच्या कचेरीत आणि बाजारात शिरला. 'इमान' हा त्याच घरचा. अरबीत ईमान म्हणजे देवावरचा विश्वास. मराठीत आल्यावर तो माणसामाणसांतली सचोटी झाला. इमानेइतबारे नोकरी करणारा, इमानी कुत्रा, आणि उलट बाजूला बेइमान. वरवर वाटतं अर्थ खाली उतरला. मला वाटतं तो मूळ जागी परत आला. कारण हिब्रू 'एमुना'तही दोन्ही आहेत, विश्वास आणि विश्वासूपण. आपला देवावरचा विश्वास उभा असतो तो त्याच्या इमानावर. माझं मन रात्रीत दहा वेळा बसतं-उठतं, पण त्याचं इमान बसत-उठत नाही. आणि याच कुळातला तिसरा शब्द 'अमानत', दुसऱ्याच्या भरवशावर सोपवलेली वस्तू. म्हणजे आपल्या मराठीत सांगायचं तर, ठेव. आमेन, इमान, अमानत. प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचा शब्द आणि सावकाराकडे ठेवायची वस्तू एकाच मुळातून उगवल्या आहेत.

अरबीतूनच आलेला 'हवाला' हा शब्द आज बदनाम झाला आहे. मुळात तो एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर रीतसर सोपवण्याचा व्यवहार. मराठीत 'देवावर हवाला ठेवणे' म्हणतात ते बहुधा हात झटकून बसलेल्या माणसाबद्दल, पण शब्दाच्या पोटात भलताच गंभीर करार आहे: माझं देणं मला फेडवत नाही, ते आता तुझ्या नावावर. आपले 'हाल' होतात तो 'हाल' शब्दही याच धातूतला, बदललेली अवस्था सांगणारा. सदतिसाव्या स्तोत्रात आपली वाट परमेश्वराच्या हवाली करायला सांगितलंय, तिथं हिब्रूत शब्दशः 'लोटून दे' असं आहे. उचलवत नाही असा धोंडा जसा लोटतात, तसा.

यशयाच्या सातव्या अध्यायात या सगळ्याची कसोटी आहे. इसवीसनापूर्वी ७३४ च्या सुमाराला दोन राजे मिळून यरुशलेमवर चालून आले. राजा आहाजाचं आणि त्याच्या लोकांचं काळीज वाऱ्यानं हलणाऱ्या रानासारखं थरथरलं. त्याचं राजघराणंच बुडवून दुसऱ्याला गादीवर बसवायचा शत्रूचा बेत होता. यशया त्याला जे सांगतो त्यात 'अमन' धातूची दोन रूपं एकमेकांसमोर उभी केली आहेत; विश्वास धरणं आणि टिकून राहणं, दोन्हींसाठी एकच शब्द. बहुतेक भाषांमध्ये हा खेळ हरवतो. मराठीत तो सावरता येतो, कारण आपल्याकडे 'स्था' आहे: भाव ठेवला नाही, तर ठाव उरणार नाही. आहाजानं ठेवला नाही. त्यानं मंदिरातलं सोनं-रुपं काढून अश्शूरच्या राजाकडे पाठवलं. त्यानं भाव केला.

हे शब्द हिब्रूतून मराठीत आणताना ज्यांच्या स्वतःच्या पायाखालची जमीन सरकली होती, अशा एका बाईंची मला त्या दिवसांत फार आठवण येई. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती, तान्ही मनोरमा कडेवर ठेवून. केडगावला मुक्ती सदनात हजारो निराधार बायकामुलींचा संसार सांभाळत त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र एकटीनं भाषांतरित करायला बसल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमाही गेली. आईनं हातातलं काम टाकलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. 'अमन' धातूपाशी त्यांची लेखणी किती वेळा थबकली असेल! पुढं काय वाढून ठेवलंय हे त्यांना कधीच निश्चित ठाऊक नव्हतं. त्या रोज उठून पुढची ओळ लावत गेल्या, ओळीमागून ओळ.

येशूच्या तोंडी आमेन येतो तो वाक्याच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला. इतर लोक दुसऱ्याच्या बोलण्याला आमेन म्हणतात. तो आपलं बोलणंच आमेननं सुरू करतो. तिथं मराठी भाषांतरकारांनी 'खचित' हा शब्द घेतला, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो जोडीनं येतो. 'खचित' म्हणजे जडवलेलं, कोंदणात घट्ट बसवलेलं, रत्नखचित मुकुटातलं. त्यावरून पक्कं, नक्की. शब्दकोशात त्याच्याच शेजारी 'खचणे' असतो. जमीन खचते, भिंत खचते, माणूस खचतो. अक्षरं जवळजवळ तीच, दिशा उलट. त्या एकोणीस रात्रींत आमच्यातलं कुणी ना कुणी रोज खचत होतं. आणि आत्या रोज तिचं जुनं शास्त्र उघडून, बोट लावून, सावकाश, योहानातला एक अध्याय वाचत होती, त्यात तो शब्द पुन्हा पुन्हा यायचा. खचलेल्यांच्या मध्ये 'खचित'.

अखेर आप्पांना घरी आणलं. उजवी बाजू लुळी, डोळे जागे, ओठांवर शब्द नाही. पाणी हवं असलं की पेल्याकडे बघत. आईला हाक मारायला जात आणि घशातून नुसता आवाज निघे. मग ते डोळे मिटून घेत. ज्या माणसानं आयुष्यभर शब्दांची मुळं शोधली, त्याच्याकडे एक शब्द राहिला नव्हता. स्पीच थेरपिस्ट येऊ लागल्या. त्यांनी आम्हाला धीर धरायला सांगितलं.

घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही पूर्वीसारखी संध्याकाळची घरगुती उपासना सुरू केली. 'उपासना संगीत' मधलं एक गीत झालं, आत्यानं वाचन केलं, भावानं प्रार्थना केली. त्यानं नोकरीचं काही मागितलं नाही, वाचेचंही नाही. एवढंच म्हणाला, की प्रभू, आप्पांना तुझ्या हाती ठेवतो. आम्हा सगळ्यांनाही. आणि थांबला.

त्या शांततेत पलंगावरून आवाज आला. "आमेन."

स्पष्ट. चौतीस वर्षं वर्गात ऐकू यायचा तसा खणखणीत. आई तिथंच रडू लागली.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्टबाईंनी समजावून सांगितलं, की असं होतं. वाचाघातात नव्यानं वाक्य जुळवायची शक्ती जाते, पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेली प्रार्थना, गाणं, एक ते दहा आकडे पुष्कळदा शाबूत राहतात. त्यांची मेंदूतली वाट वेगळी असते. ही सवयीची वाचा आहे, त्यावरून बाकीचं कधी येईल ते निश्चित सांगता येणार नाही.

मी त्यावर खूप विचार केला. तो शब्द विश्वासानं आला की सवयीनं? आणि मग मला पौलाचं तुरुंगातून लिहिलेलं, तीमथ्याला पाठवलेलं दुसरं पत्र आठवलं. पहिल्याच अध्यायात तो ठेवीबद्दल बोलतो, ती त्या दिवसापर्यंत राखायला प्रभू समर्थ आहे म्हणून. मूळ ग्रीकमध्ये 'माझी ठेव' एवढंच आहे. त्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही विद्वानांना मान्य आहेत: मी त्याच्याजवळ ठेवलेली, किंवा त्यानं माझ्याजवळ ठेवलेली. आप्पांनी सत्तर वर्षं, रोज दोनदा, तो एक शब्द ठेवला होता. चांगल्या दिवशी ठेवला, कोरड्या दिवशी ठेवला, मन लागलं तेव्हा आणि मन लागलं नाही तेव्हाही. बाकीचे सगळे शब्द गेले त्या दिवशी तो जागच्या जागी होता. सवय म्हणजे दुसरं काय असतं? रोज थोडं थोडं ठेवत जाणं.

आप्पांना अजून बोलता येत नाही. 'पाणी' येऊ लागलंय, आईचं नाव अर्धं येतं. भावाला अजून नोकरी नाही. निश्चित असं काही आमच्या घरात आजही नाही. संध्याकाळी सात वाजता उपासना होते, कुणीतरी प्रार्थना करतं, मग आम्ही सगळे थांबतो. तो शब्द आता आमच्यापैकी कुणी म्हणत नाही. तो आम्ही आप्पांसाठी ठेवतो.